जखिऱ्याचे पाणी

दुसऱ्या महायुद्धातली एखादी जीप पुन्हा चालती करायला घेतली, की जाणता कारागीर इंजिनाला नंतर हात लावतो. आधी तो चालकाच्या आसनाखालची पेट्रोलची टाकी उतरवून घेतो. विलीज जीपची ही टाकी १५ अमेरिकी गॅलनांची, म्हणजे सुमारे ५७ लिटरांची. पातळ पोलादी पत्रा, त्यावर शिसे-कथलाचा मुलामा आणि पत्र्याच्या दोन भागांना जोडणारा सांधा, एवढीच तिची रचना. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की पेट्रोल उडून जाते, हवेतला ओलावा आत शिरतो, पाणी तळाशी बसते आणि गंज खालून वर चढू लागतो. अशा टाकीवर नवे इंजिन बसवले तरी दोन दिवसांत गंजाचा चुरा कार्बोरेटरात जाऊन ते बंद पडते. भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांच्या डोंगरांवर जी युद्धयंत्रे उभी आहेत त्यांना चाके नाहीत, पण त्यांनाही हाच नियम लागू आहे. राजगड, तोरणा, रोहिडा ही ती यंत्रे. पाणी हे त्यांचे इंधन आणि कातळात खोदलेली टाकी हे त्या इंधनाचे कोठार. आपण गडांचा इतिहास दरवाजे, बुरूज आणि लढाया यांच्या अंगाने सांगत आलो. माझे म्हणणे असे, की या गडांची खरी ताकद न गळणाऱ्या टाक्यांत होती, ती टाकी न गळती ठेवणे हा एक स्वतंत्र आणि कसबी उद्योग होता, आणि आजच्या जतनाची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी.

हिशेब साधा आहे. गडावर ५०० माणसे धरली आणि पिण्या-रांधण्यासाठी माणशी फक्त ५ लिटर पाणी धरले, तर दिवसाला २,५०० लिटर लागतात. सह्याद्रीच्या या भागात पाऊस मुसळधार, पण तो जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांचे २४० दिवस धरले, तर ६ लाख लिटर होतात. २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल अशा हौदात हे पाणी काठोकाठ बसते. यात जनावरे आली नाहीत, धुणे आले नाही, बांधकामाचे पाणी आले नाही. आता त्याच हौदाच्या तळाला एक बारीक चीर आहे आणि तिच्यातून सेकंदाला एक थेंब जातो असे समजा. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला ४ लिटरांहून थोडे जास्त पाणी गेले. म्हणजे एका शिपायाच्या वाट्याचे जवळजवळ सगळे पाणी एक थेंब पिऊन टाकतो. अशा चिरा एखाद्या हौदाला दहा-वीस असू शकतात. शिवाय ऊन आणि वारा उघड्या पाण्यावरून आठ महिन्यांत मीटरभराहून अधिक उंचीचा थर उडवून नेतात. ३ मीटर खोल हौदातला तिसरा हिस्सा कोणीही न पिता गेला. गडाचा कारभार करणाऱ्यांपुढचा रोजचा शत्रू हा होता, आणि त्याच्याशी तलवारीने लढता येत नव्हते.

ही जाण मराठ्यांच्या राज्यकारभारात किती मुरलेली होती ते रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दिसते. १७१५च्या सुमाराच्या या ग्रंथात दुर्गांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात बांधकामाची सुरुवात तटापासून होत नाही, पाण्यापासून होते. आधी पाणी पाहावे आणि मग गड बांधावा. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर कातळ फोडून सबंध गडाला पुढच्या पावसापर्यंत पुरतील अशी मजबूत टाकी आधी करावीत, असा त्याचा आशय. त्यापुढची सूचना मला अधिक महत्त्वाची वाटते. गडावर वाहता झरा असला तरी त्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे रोडावतात आणि नेमका तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून दोन-चार टाकी जखिऱ्याचे पाणी म्हणून वेगळी राखावीत आणि त्यांतला थेंबही एरवी खर्चू नये. झरा म्हणजे खडकाच्या सांध्यांतून झिरपणारे पाणी. हादऱ्याने सांधा सरकला की त्याची वाट बदलते. दगडाच्या पोटातली ही गोष्ट अमात्यांनी अनुभवाने ओळखली होती आणि ती त्यांनी धोरणात आणली. आजच्या मोटारगाडीला जे राखीव इंधन असते त्याचीच ही कल्पना, फक्त इथे ती न पाळण्याची किंमत गड गमावण्याइतकी होती.

टाके खोदणे म्हणजे खड्डा खणणे नव्हे. सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनला. एका थराचा गाभा घट्ट काळ्या पाषाणाचा, माथा बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे भाजलेल्या तांबड्या मातीचा पट्टा. विहिरी खणणारे लोक पोकळ्यांच्या खडकाला मांजऱ्या म्हणतात. तो फोडायला सोपा, पण पोकळ्या एकमेकींना मिळालेल्या असल्या तर पाणी धरत नाही. त्या स्फटिकांनी बुजलेल्या असल्या तर चांगले धरतो. काळा पाषाण पाणी धरतो, पण लाव्हा थंड होताना त्याला उभ्या चिरा पडलेल्या असतात. तेव्हा टाक्याची जागा ठरवणे हेच निम्मे काम. पाथरवट घण मारून आवाज ऐकतो: खणखणीत आला तर दगड एकसंध, बद्द आला तर आत चीर. हे कसब शिवकाळात जन्मले नाही. जुन्नर आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या सातवाहनकालीन प्राकृत लेखांत पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे, आणि ती दान देणाऱ्यांची नोंद कोरून ठेवली आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या पाथरवटाच्या हातात दीड हजार वर्षांहून जुनी विद्या होती. छिन्नीलाही मराठीत टाकीच म्हणतात. टाकीचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही ही म्हण त्या टाकीची. तोरण्यावरचे तोरण टाके, खोकड टाके आणि मेंगाईच्या देवळाजवळचे टाके, राजगडाच्या संजीवनी माचीवर तटालगत ठिकठिकाणी असलेली टाकी, बालेकिल्ल्यावरचे चंद्रतळे या साऱ्यांत त्या घावांचे देणे आहे. कातळाच्या पोटात शिरून वरचे छत तसेच ठेवायचे आणि मध्ये दगडी खांब सोडायचे ही खांबटाक्याची युक्ती तर सरळ उन्हाविरुद्धची आहे: सावलीतले पाणी कमी उडते. खोदताना निघालेला दगड वाया जात नसे. तोच ताशीव होऊन तटाला आणि बुरुजाला लागे, त्यामुळे टाक्याचा आणि तटाचा खर्च एकमेकांत मिसळलेला असे.

तरीही कातळ कितीही पारखून घेतला तरी चीर निघतेच, आणि जिथे पाणी अडवायला दगडी भिंत घालावी लागते तिथे सांध्याला पर्याय नसतो. राजगडाच्या पद्मावती माचीवरचे विस्तीर्ण पद्मावती तळे अशा बांधीव भिंतींवर उभे आहे. इथे चुना येतो. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवायचा, मुरत ठेवायचा, आणि मग वाळू व विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालून दगडी घाण्यात बैलांकरवी मळायचा. भाजलेल्या मातीतल्या सिलिकेशी चुन्याची गाठ पडली की तो पाण्याखालीही घट्ट होतो. साधा चुना फक्त हवेत घट्ट होतो. गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी अशा गोष्टी मिसळण्याची चाल होती, आणि त्यांनी चुना चिकट आणि कमी पाणी शोषणारा होई. भट्टी लोणाऱ्यांची, दगड पाथरवटांचा, बांधणी गवंड्याची. रोहिड्याच्या उत्तर अंगाला ओळीने खोदलेली टाकी आहेत आणि त्याच परिसरात चुन्याचा घाणा आहे. रायरेश्वराच्या शेजारी, वाईच्या हद्दीला लागलेल्या केंजळगडावरही घाण्याचे अवशेष आहेत. घाणा गडाच्या माथ्यावर असण्याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. बांधकाम एकदाच करून खाली उतरायचे असते तर चुना पायथ्याला मळून वर नेता आला असता. माथ्यावर घाणा ठेवला म्हणजे चुना तिथे वारंवार लागणार हे बांधणाऱ्यांनी धरूनच चालले होते.

पैशाचा पुरावाही याच बाजूने बोलतो. १६७१-७२मध्ये महाराजांनी गडांच्या बांधकामासाठी रक्कम नेमून दिल्याचा जाबिता उपलब्ध आहे. एकूण १ लाख ७५ हजार होन. त्यांत रायगडाला ५० हजार, राजगडाला १० हजार, प्रचंडगडाला म्हणजे तोरण्याला ५ हजार. राजधानी तेव्हा राजगडावरून रायगडावर जात होती. सोडून चाललेल्या राजधानीला १० हजार होन का द्यावेत? सिंहगड, पुरंदर, प्रतापगड यांच्या बरोबरीने तिला ही रक्कम मिळाली, याचे कारण गड ही एकदा उभारून विसरायची वस्तू आहे असे या राज्याने कधी मानले नाही. गडावर हवालदार आणि सबनीस यांच्याबरोबर कारखानीस असे. धान्य, दारूगोळा, साहित्य यांचा साठा आणि त्याचा हिशेब हे त्याचे काम. लढाईच्या कथांत त्याचे नाव येत नाही, ही आपल्या इतिहासलेखनाची उणीव आहे. गड लढवणारा किल्लेदार महिनाभर लढत असेल. साठा राखणारा माणूस बारा महिने लढत होता.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की इतिहासात हे गड तहानेने पडलेच नाहीत. आक्षेप खरा आहे. १६६५च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना दिले गेले, त्यांत रोहिडा होता; तो तहाने गेला आणि १६७०मध्ये परत आला. राजगड आणि तोरणा तेव्हा महाराजांकडे राहिलेल्या १२ किल्ल्यांत होते. १७०३च्या अखेरीस औरंगजेब स्वतः राजगडाखाली येऊन बसला आणि १७०४च्या फेब्रुवारीत गड त्याच्या हाती पडला. मार्चमध्ये रात्री दोराच्या माळा लावून त्याच्या लोकांनी तोरणा चढून घेतला. कुठेही पाणी संपल्याची गोष्ट नाही. पण हा आक्षेप माझे म्हणणे मोडत नाही, तो ते पक्के करतो. वेढा घालणाऱ्याचे सर्वांत स्वस्त हत्यार तहान. तोफ लागत नाही, माणूस मरत नाही, फक्त खाली बसून वाट पाहायची. ज्या गडांची टाकी भक्कम होती त्यांनी हे हत्यार शत्रूच्या हातून काढून घेतले, आणि मग त्याला तोफा डोंगरावर चढवाव्या लागल्या, सुरुंग लावावे लागले, दोर टाकावे लागले, नाहीतर पैसे मोजावे लागले. पाण्याने गड जिंकून दिला असे नव्हे. पाण्याने गड महाग केला. हिंदुस्थानचा बादशहा म्हातारपणी तंबूत राहून एकेका डोंगरासाठी महिने घालवत होता, त्यामागे हे महागपण होते.

उलट उदाहरण पाहायचे तर दूरचे घ्यावे लागते. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले. तिथे तोफा होत्या, हजारोंची फौज होती. पण जलाशय शत्रूच्या ताब्यात गेलेले आणि बॉम्बहल्ल्यांनी शहरातले नळ जागोजागी फुटलेले; उरलेले पाणी तोंडात जाण्याऐवजी रस्त्यावर वाहत होते. शरणागतीच्या निर्णयात पाणी एक-दोन दिवसांत संपेल ही भीती मोठी होती. इंधनाचेही तसेच. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश फौजेचे ४ गॅलनांचे पातळ पत्र्याचे डबे इतके गळत, की सैनिक जर्मनांकडून मिळालेले २० लिटरी डबे जपून ठेवत. घट्ट वेल्डिंगचा सांधा आणि आतून लेप असलेला तो डबा पुढे दोस्तांनीही त्याच धर्तीवर बनवला. तोच आपला जेरीकॅन. गळका सांधा रणगाड्यांची पलटण थांबवतो, हे विसाव्या शतकातल्या सेनापतींना नव्याने शिकावे लागले. आणि वेल्ह्याला गळतीचे मोल समजावण्याची गरजच नाही. १२ जुलै १९६१ रोजी फुटलेले पानशेत धरण याच तालुक्यातले. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे असताना पाणी साठले, तिच्यावरचा मातीचा भराव खचत गेला, आणि पुणे बुडाले.

या गडांच्या टाक्यांचा ऱ्हास मात्र कोणत्या तोफेने झाला नाही. राजगड, तोरणा, रोहिडा हे पुढे पंतसचिवांकडे, म्हणजे भोर संस्थानाकडे राहिले आणि १९४८मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत त्याच हद्दीत होते. १८१८नंतर गडांना लष्करी अर्थ उरला नाही. शिबंदी उतरली, घाणा थांबला, आणि दर उन्हाळ्यात टाके उपसून तळ तपासणारा माणूस गेला. मग पावसाळ्यागणिक वरची माती वाहून टाक्यात बसू लागली. तटाच्या सांध्यात पिंपळाचे रोप धरले, त्याचे मूळ चुन्यातून पाण्याकडे गेले. उभ्या राहिलेल्या जीपच्या टाकीत जे होते तेच इथे झाले. वापर थांबला की टाकी मरते. गळती हा रोग नंतर दिसतो.

इथे जुन्या टाक्या दुरुस्त करणाऱ्यांच्या अनुभवाकडे लक्ष द्यायला हवे, कारण गडांवर काम करणाऱ्यांना त्यातून थेट शिकता येईल. पत्र्याला गंजाने सुईएवढे भोक पाडले तरी टाकी बहुतेक वेळा लगेच गळत नाही, कारण त्याच गंजाची खपली भोकात अडकून बसते. कारागीर टाकी धुतो, आत साखळी किंवा खडे घालून घुसळतो, फॉस्फरिक आम्लाने गंज काढतो, आणि मग स्वच्छ झालेली टाकी दहा ठिकाणी गळू लागते. ही चूक नव्हे. भोके होतीच, ती आता दिसली. म्हणून पुढचे काम ठरलेले: हवेचा हलका दाब देऊन साबणाच्या पाण्याने भोके शोधायची, डाख देऊन बुजवायची, आणि मगच आतून लेप द्यायचा. गंजावर दिलेला लेप पापुद्र्यासारखा सुटतो आणि सुटलेला पापुद्रा नळी बुजवतो. लेप इंधनाला मानवणारा लागतो, हे तर अलीकडे अनेकांना महागात पडून कळले. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले आणि जुन्या पद्धतीचे कित्येक लेप त्यात विरघळले.

गडावरच्या टाक्यातला गाळ हा त्या खपलीसारखा असतो. तळाला बसलेली बारीक चिकण माती चिरांमध्ये शिरून त्या बंद करते. गाळ काढायलाच हवा, त्याने साठवण निम्म्यावर येते आणि पाणी नासते. पण पहारीने तळ खरवडून, शेवटची चिकट साय काढून, टाके चकचकीत करून फोटो काढला आणि पुढच्या मार्चमध्ये ते कोरडे पडले, तर त्या श्रमांचे काय झाले? दर सुट्टीला घमेली घेऊन गड चढणाऱ्या तरुणांविषयी मला मनापासून आदर आहे. आज अनेक गडांवर पिण्याजोगे पाणी मिळते ते त्यांच्यामुळे. म्हणूनच हे त्यांना सांगायचे. गाळ उतरवताना तळाचा थर हाताने काढावा, उघड्या पडलेल्या प्रत्येक चिरेची नोंद करावी, भरलेल्या टाक्याची पातळी पट्टीवर दर आठवड्याला मोजावी. सावलीतल्या टाक्याची पातळी उघड्या टाक्याइतक्याच वेगाने उतरत असेल, तर दोष उन्हाचा नाही, तळाचा आहे. आणि चीर बुजवण्याची सामग्री घेण्याआधी पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी. संरक्षित स्मारकावर हा कायदा आहेच, पण त्यामागे शहाणपणही आहे.

त्या सामग्रीपाशी दुसरा आक्षेप येतो, आणि तो व्यवहारी माणसाचा आहे. चुन्याला महिने लागतात, मुरवावा लागतो, पावसात लावता येत नाही, मळणारे हात उरले नाहीत. सिमेंटची गोणी खांद्यावर टाकून वर न्यावी आणि दुपारी चीर बंद. धरणे सिमेंटची होतात तर टाके का नको? उत्तर असे, की नव्या धरणात सगळेच सिमेंट असते आणि त्याची जाडी, आकुंचन, सांधे हे सारे हिशेबात धरलेले असते. जुन्या चुन्याच्या भिंतीत सिमेंटचे ठिगळ पडले की दोन वेगळ्या स्वभावाचे पदार्थ एकमेकांना खेटून बसतात. सिमेंट वाळताना आकसते, ताठ राहते. भोवतालचा चुना मऊ. मे महिन्यातल्या तापलेल्या कातळाने आणि जुलैच्या गारठ्याने दोन्ही कमी-जास्त ताणले जातात आणि नवी चीर ठिगळाच्या कडेने जाते. पाणी तिच्यातून ठिगळाच्या मागे शिरते, तिथे कोंडते, आणि सिमेंटमधले क्षार शेजारच्या जुन्या चुन्याला भुसभुशीत करतात. चुन्याची गोष्ट वेगळी. बारीक चिरेतून पाणी झिरपले तर ते थोडा चुना विरघळवून नेते आणि हवेशी गाठ पडताच तो चिरेतच पुन्हा दगड होऊन बसतो. म्हणजे केसाएवढी चीर तो स्वतः बुजवतो. इथेनॉलला न मानवणारा लेप आणि चुन्याला न मानवणारे सिमेंट, दोन्हींचे अपयश एकाच जातीचे आहे. लवकर होते म्हणून केलेले काम दहा वर्षांनी दुप्पट होऊन परत येते, आणि तोवर मूळ भिंत आणखी गेलेली असते. हात उरले नाहीत हे खरे. पण ते काम मिळाले तरच उरतात. गडाच्या पायथ्याच्या गावांतली चार पोरे चुना मळायला शिकली तर एका पिढीचा प्रश्न सुटेल, आणि हा खर्च दरवाज्याच्या नव्या फळ्यांपेक्षा जास्त नाही.

उरला तिसरा आक्षेप: आज वेढा नाही, शिबंदी नाही, येणारा माणूस बाटली घेऊन येतो, मग टाके न गळते ठेवायचे कशाला? अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जगभरचे जुने रणगाडे मांडले आहेत. त्यांच्या टाक्यांत इंधन असण्याची गरज नाही, ते पाहण्यासाठी आहेत. गडाचे तसे नाही. त्याची टाकी अजून दर पावसाळ्यात आपोआप भरतात आणि आपले काम करतात. पद्मावती माचीवर मुक्काम करणारे लोक तिथलेच पाणी पितात, आणि माथ्यावर चरणाऱ्या गुरांना आणि उन्हाळ्यात वर येणाऱ्या पाखरांना दुसरा आसरा नाही. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत राजगड आहे. ती मान्यता देताना या किल्ल्यांकडे सुट्या वास्तू म्हणून पाहिले नाही, डोंगर, वाटा, पाणी यांसह लष्करी भूदृश्य म्हणून पाहिले. तेव्हा राजगडावर येणारा पैसा आधी पद्मावती तळ्याच्या भिंतींकडे, संजीवनीच्या टाक्यांकडे आणि बालेकिल्ल्याच्या पाण्याकडे गेला पाहिजे, दिव्यांकडे आणि कमानींकडे नंतर. तोरणा आणि रोहिडा या यादीत नाहीत. त्यांच्या वाट्याला गर्दी कमी आणि पैसाही कमी येणार, म्हणून त्यांची टाकी मोजण्याचे काम भोर-वेल्ह्याच्या शाळा-महाविद्यालयांनी अंगावर घ्यावे. पट्टी, वही आणि वर्षभराचा धीर एवढेच त्याला लागते.

रोहिड्याच्या दुसऱ्या दरवाज्यापाशी एक भुयारी टाके आहे. त्यातले पाणी बाराही महिने पुरते.